कपलर बसत नाही म्हणून हातोडी काढण्याआधी: अर्धा इंची हायड्रॉलिक कपलरचं परीक्षण

पलटी नांगर, डंपिंग ट्रॉली, लेझर लेव्हलर, पुढं लावायचा लोडर. यातलं काहीही ट्रॅक्टरला जोडायचं म्हटलं की हायड्रॉलिक कपलरशी, म्हणजे अवजाराची तेलाची नळी (होज) ट्रॅक्टरला जोडणाऱ्या जोडाशी, गाठ पडतेच. काल संध्याकाळी सहज सुटलेला होजच्या टोकाचा नर आज दुपारी ट्रॅक्टरच्या मादीत शिरायला तयार नसतो. आधी ढकलाढकली होते, मग दोघं मिळून जोर लावतात आणि शेवटी कुणीतरी टूलबॉक्समधनं हातोडी काढतं. कोल्हापुरात या दुखण्यावर बाजारात चार वस्तू मिळतात: साधी अर्धा इंची कपलर जोडी, होजमध्ये दाब असतानाही जोडता येणारा नर, दाब सोडायचं हातातलं टूल आणि फ्लॅट फेस, म्हणजे सपाट तोंडाचं, कपलर. त्या चारींचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. नांगर किंवा ट्रॉली रोज काढ-घाल करणाऱ्यानं अवजाराच्या होजला दाबात जोडता येणारा नर बसवावा, वर्षातनं दोन-चारदा जोडणाऱ्यानं साधी पण चांगली जोडी आणि हातातलं टूल घ्यावं, आणि फ्लॅट फेसच्या नादी शेतीच्या ट्रॅक्टरवाल्यानं लागू नये.

आधी अडतं का ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय कुठला माल घ्यायचा हे ठरत नाही.

नर आणि मादी दोन्हींच्या आत एकेक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला पॉपेट म्हणतात. सुटलेल्या अवस्थेत स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते आणि तेल बंद राहतं. जोडताना दोन्ही पॉपेट एकमेकांवर टेकतात, मागं सरकतात आणि वाट उघडते. अवजाराच्या होजमध्ये दाब अडकलेला असेल तर नराचा पॉपेट मागं सरकायला तयार होत नाही. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटीमीटर धरलं, तर नुसत्या १० बार दाबाला (एक बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो) सुमारे १५ किलोचा विरोध होतो. ५० बारला ७५ किलो, १०० बारला दीडशे किलो. पन्नास बारवर माणूस अक्षरशः कपलरवर उभा राहिला तरी ते बसणार नाही.

हा दाब येतो कुठून? एक तर अवजार काढताना ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिव्हर न हलवताच होज ओढली, म्हणजे आतला दाब तसाच कोंडला गेला. दुसरं कारण ऊन. बंद जागेतलं हायड्रॉलिक तेल एका अंशानं तापलं की दाब साधारण १० बारनं चढू शकतो. रबरी होज थोडी फुगते, त्यामुळं प्रत्यक्षात एवढा चढत नाही. पण काळी होज आणि बांधावर उघड्यावर पडलेला नांगर सकाळपासून दुपारपर्यंत वीस अंश सहज तापतो, आणि जोडणी अडवायला वर सांगितलेले दहा-वीस बारही पुष्कळ झाले. सकाळी गार असताना अलगद बसणारं कपलर दुपारी अडतं ते यामुळंच. तिसरं कारण म्हणजे नांगर किंवा ट्रॉलीचं वजन सिलिंडरवर तोलून धरलेलं असताना सोडणं. हे सगळ्यात धोक्याचं, त्याच्याकडं पुढं येतोच.

दाबाचा आकडा मोठा वाटला तरी त्यामागं तेल किती कमी असतं हे ध्यानात घ्या. तेल जवळजवळ दाबलंच जात नाही. एक लिटर तेल १०० बारवर कोंडलं, तर तो दाब शून्यावर आणायला तेलापुरते सहा-सात मिलिलिटर सोडले की झालं. होज फुगलेली असते त्याचं थोडं जास्त. म्हणजे चमचा-दोन चमचे. दाब सोडायच्या टूलचं सगळं काम एवढ्यावरच चालतं.

आता माल.

साधी अर्धा इंची जोडी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला आणि अवजारांना आयएसओ ७२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ए मालिकेची कपलर असतात. याच मानकात बी मालिकाही आहे, दिसायला जवळपास तशीच, पण ए ची मादी बी च्या नराला घेत नाही. म्हणून दुकानात जाताना जुना नमुना बरोबर न्यावा. व्हर्नियर असेल तर नराचं नाक मोजा: अर्धा इंची ए मालिकेत ते साडेवीस मिलिमीटरच्या आसपास भरतं. ‘अर्धा इंची’ हे नाव कपलरच्या मापाचं आहे, मागच्या आट्यांचं नव्हे. मागं अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप) आटे असतील, किंवा मेट्रिक, म्हणजे एम १८ बाय १.५ किंवा एम २२ बाय १.५. इथं सर्वांत जास्त घोळ होतो तो अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) यांच्यात. दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळं दोन-तीन फेरे सुरळीत जातात आणि मग घट्ट होतात. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशाचा, एनपीटीचा ६० चा, आणि एनपीटीचे आटे निमुळते. पाना लावून जबरदस्ती केली तर आटे जातात आणि गळती कायमची राहते. सरळ बीएसपी आट्याला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याला डाउटी वॉशर (आत रबराची कडा असलेलं धातूचं वॉशर) लागतं. टेपचे तुकडे सुटून आत गेले तर पॉपेटच्या सीटवर (तो टेकून बंद होतो त्या जागी) बसतात आणि थेंब-थेंब गळती चालू होते.

काउंटरवरच दोन मिनिटांत माल पारखता येतो. नर मादीत घाला आणि मादीवरची सरकती कॉलर सुटल्यावर ‘खट्’ असा एकच स्वच्छ आवाज येतो का ते ऐका. बसलेला नर बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण आडवा लडबडता कामा नये. मग जोडलेल्या जोडीतून तोंडानं फुंकर मारा, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. हवा दोन्हीकडून सारखी गेली पाहिजे. एकीकडून जाते आणि दुसरीकडून अडते, तर एक पॉपेट पुरता उघडत नाही. ट्रॉली वर जाते पण खाली येत नाही, ही तक्रार पुष्कळदा याच दोषातून निघते: परतीचं तेल अर्धवट उघड्या पॉपेटलाच ढकलून बंद करतं. एका बनावटीचा नर आणि दुसऱ्या बनावटीची मादी असेल तर ही फुंकर-चाचणी चुकवूच नका. शेवटी सुटा नर आणि सुटी मादी वेगवेगळी फुंकून पाहा, हवा अजिबात जाता कामा नये.

मादीच्या आत ओ-रिंगला (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याला) टेकून तिला आधार देणारी पांढरी बॅकअप रिंग आहे का तेही बघा. स्वस्त मालात ती नसते आणि दाबाखाली ओ-रिंग खाचेतून बाहेर येते. ओ-रिंग बदलायची झाली तर नायट्राइल रबराचीच घ्या. पाण्याच्या पंपाच्या सीलमधली ईपीडीएम रिंग मापानं बसते, पण खनिज तेलात फुगते आणि पंधरवड्यात नर आत जाईनासा होतो. दोन्ही काळ्याच असतात, रंगावरून ओळख पटत नाही, म्हणून विचारूनच घ्यावी.

ट्रॅक्टरच्या मागं ब्रॅकेटमध्ये बसवायची मादी वेगळी असते. तिची कॉलर ब्रॅकेटमध्ये जखडलेली असते आणि आतलं अंग पुढं-मागं सरकतं, म्हणून नर एका हातानं नुसता ढकलला की बसतो आणि ओढला की सुटतो. अवजार चुकून सुटलं तर होज तुटायच्या आधी कपलर सुटतं, हाही फायदा. पण हीच मादी ब्रॅकेट काढून होजच्या टोकाला मोकळी लोंबत ठेवली, किंवा ब्रॅकेटचे बोल्ट ढिले पडले, की ढकलून काही होत नाही. ‘मादी खराब आहे’ म्हणून बदलून आणलेल्या किती मादी निव्वळ ढिल्या ब्रॅकेटमुळं भंगारात जातात, हे पाहून वाईट वाटतं. आधी बोल्ट आवळून बघा.

साध्या जोडीला पाचपैकी साडेतीन. काम चोख करते, टिकते, पण दाब अडकला की हतबल.

दाबात जोडता येणारा नर. दुकानात ‘कनेक्ट अंडर प्रेशर’ नर म्हणून मागावा. बाहेरून साध्या नरासारखाच, थोडा लांब. फरक आत आहे. बऱ्याच बनावटींत मोठ्या पॉपेटच्या पोटात एक अगदी छोटा पायलट व्हॉल्व्ह असतो. मादीचा पॉपेट आधी त्या छोट्याला दाबतो. त्याचं तोंड बारीक, त्यामुळं मोठ्या दाबातही विरोध थोडाच होतो. तेवढ्या फटीतून तो चमचाभर तेलाचा दाब ट्रॅक्टरच्या बाजूला निघून जातो आणि मग मोठा पॉपेट हलका होतो. काही प्रकारांत मोठा पॉपेट जोडताना बंदच राहतो आणि लिव्हर पहिल्यांदा दाबल्यावर ट्रॅक्टरच्या तेलानं उघडतो. म्हणून जोडल्यावर पहिल्या लिव्हरला अवजार क्षणभर थांबून हललं तर घाबरायचं कारण नाही.

याची मर्यादा नीट समजून घ्या. हा नर अवजाराकडचा अडकलेला दाब पचवतो, ट्रॅक्टरकडचा नाही. ट्रॅक्टरची मादी दाबात असेल तर हाही तितकाच अडेल. इंजिन बंद आणि लिव्हर मोकळी हवीच. दुसरं, पायलट व्हॉल्व्ह बारीक असल्यानं कचऱ्याला नाजूक आहे. शिरोळकडची चिकट काळी माती काय, राधानगरी-भुदरगडकडची तांबडी धूळ काय, एक कण सीटवर बसला की नर थेंबथेंब गळायला लागतो. तेव्हा टोपी नसेल तर हा नर घेऊच नका. तिसरं, पलटी नांगराचा सिलिंडर डबल अ‍ॅक्टिंग (दोन्ही दिशांना तेलानं ढकलला जाणारा) असतो आणि दाब दोन्हींपैकी कुठल्याही होजमध्ये अडकू शकतो. एकाच होजला बसवून पैसे वाचत नाहीत, दोन्हींना बसवावा लागतो. डंपिंग ट्रॉलीला बहुधा एकच होज असते, तिथं एकात भागतं. साध्या नरापेक्षा हा बराच महाग आहे. तरीही रोज नांगर काढून ट्रॉली लावणाऱ्या भाड्याच्या ट्रॅक्टरला तो एका हंगामात वसूल होतो. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण धुळीच्या नाजूकपणाचा.

दाब सोडायचं टूल. मादीसारखं तोंड, मागं आट्यांचा दांडा आणि फिरवायला मूठ. नरावर बसवायचं आणि मूठ हळूहळू आवळायची. दांडा पॉपेटला ढकलतो, चमचाभर तेल बाजूच्या भोकातून निघतं आणि संपलं. आट्यांमुळं जोर हातानं लावावा लागत नाही, नराच्या नाकाला इजा होत नाही आणि एकच टूल सगळ्या अवजारांना चालतं. घेताना दोन गोष्टी बघा. दांड्याचं टोक गोलसर, गुळगुळीत हवं, धारदार असेल तर पॉपेटवर खड्डा पाडतं. आणि तेल निघायच्या भोकाला छोटी नळी जोडायची सोय हवी. उघड्या भोकातून फवारा कुठंही उडणार असेल तर ते टूल नाकारा. पाचपैकी चार.

फ्लॅट फेस. आयएसओ १६०२८ ची ही कपलर स्किड स्टीअर (छोटा लोडर) आणि एक्सकॅव्हेटरच्या हायड्रॉलिक अटॅचमेंटवर दिसतात. तोंड सपाट, पुसून काढायला सोपं, सोडताना तेल जवळजवळ सांडत नाही. माल उत्तम आहे. पण ए मालिकेशी ती जुळत नाहीत, म्हणजे ट्रॅक्टरबरोबर सगळी अवजारं बदलावी लागतात, आणि शेजाऱ्याची ट्रॉली एक दिवस लावायची म्हटली तर तेवढ्यासाठी अडून बसायचं. शिवाय साधं फ्लॅट फेस दाबात जोडायला ए मालिकेइतकंच हट्टी असतं, तिथंही दाबात जोडायचा प्रकार वेगळा घ्यावाच लागतो. शेतीच्या ट्रॅक्टरसाठी पाचपैकी दोन.

कुठलाही माल घेतला तरी पद्धत चुकली तर अडणारच, म्हणून ती इथंच देतो.

सोडताना: अवजार जमिनीवर पुरतं टेकवा. नांगर असेल तर टेकू लावून, ट्रॉली असेल तर पेटी पूर्ण खाली. इंजिन बंद करा. मग त्या कपलरची लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चारदा पूर्ण हलवा. लिव्हरला फ्लोटची (तेल दोन्हीकडं मोकळं सोडणारी) जागा असेल तर तिथं ठेवा. बटणावर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर इंजिन बंद पण चावी ऑनवर लागते, नाहीतर बटण दाबून काही होत नाही. लिफ्टच्या कव्हरमधून तेलाची लाइन (टॅपिंग) काढून ट्रॉली चालवत असाल तर लिफ्टची लिव्हर तळाला न्या. लिव्हर वर राहिली तर लाइन दाबातच राहते. एवढं करून मगच होज ओढा. ही अर्ध्या मिनिटाची सवय लागली तर उन्हानं चढणारा दाब वगळता दुसरं कारण उरत नाही.

जोडताना अडलं तर आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते शोधा. नर एका फडक्यात धरा, तोंड आपल्यापासून लांब, आणि लाकडी गुल्लीनं पॉपेट दाबून बघा. स्प्रिंगसारखा मऊ आत गेला तर अवजाराकडं दाब नाही. दगडासारखा घट्ट असेल तर अवजार दाबात आहे, तिथंच थांबा, ठोकू नका, टूल लावा. टूल जवळ नसेल तर होज आणि सिलिंडरवर ओलं पोतं टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबा. उन्हानं चढलेला दाब उतरतो आणि नर हातानं बसतो. अगदीच अडचण असेल तर होजच्या मागच्या टोकाचा नट पाव फेरा ढिला करायचा, पण अवजार जमिनीवर आहे याची खात्री करून, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे, नटावर जाड फडकं, आणि नट एका दमात कधीच नाही.

अवजार वर उचललेलं असताना यातलं काहीही करू नये. तेव्हा होजमधला दाब हा चमचाभर तेलाचा नसतो, त्याच्यामागं अख्ख्या पेटीचं वजन असतं, आणि दाब सोडला की ते वजन खाली येतं. वर अडकलेल्या ट्रॉलीखाली आधी मजबूत टेकू, मग बाकीचं. तसंच गळती बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. बारीक भोकातून निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं, वरून सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘हायड्रॉलिक तेल दाबानं घुसलंय’ असं स्पष्ट सांगायचं. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो.

हातोडीचं नुकसान समजून घ्यायचं असेल तर एखादा ठोकलेला नर उजेडात धरा. मधल्या पॉपेटचं टोक चेपून पसरट झालेलं दिसेल. नाकाच्या कडेवरून नख फिरवलं तर ते एका जागी अडकेल, तिथं बारीक बुरी (धातूची टोकदार कड) उठलेली असते. ती बुरी प्रत्येक जोडणीत मादीच्या ओ-रिंगला रंधा मारते. मादीच्या तोंडाशी काळ्या रबराचे केसासारखे तुकडे दिसायला लागले की समजा, नर ओ-रिंग खातोय. बुरी नुसती कडेला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं उतरते. पण मादीतले, नराला धरून ठेवणारे छरे बसतात त्या खाचेत किंवा सील बसते त्या जागेवर ओरखडा असेल तर नर बदलायचाच, नाहीतर आठवड्याला एक ओ-रिंग जाईल.

दाब नसूनही अडत असेल तर बहुधा कॉलरमध्ये माती आहे. मादी उतरवून डिझेलमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशनं छऱ्यांच्या जागा साफ करा, कॉलर दहा-पंधरा वेळा मागं-पुढं करा, हवा मारा, आणि हायड्रॉलिक तेलाचे दोन थेंब. ग्रीस भरू नका. सुरुवातीला गुळगुळीत वाटतं, मग तीच धूळ धरून ठेवतं.

जोडून झाल्यावर होज एकदा जोरात ओढून बघा आणि कॉलर पूर्ण पुढं आली का ते नजरेनं तपासा. मग नांगर हवेत दोनदा पलटवा. एका बाजूला पलटतो, दुसऱ्या बाजूला अडतो किंवा कपलरमधून शीळ आल्यासारखा आवाज येतो, तर एक जोड अर्धवट बसली आहे. डबल अ‍ॅक्टिंगमध्ये एक होज जरी बंद राहिली तरी सिलिंडर हलत नाही, कारण पलीकडचं तेल जायला जागा नसते. दोन्ही होजना वेगळ्या रंगाची पट्टी लावून ठेवा. उलट जोडल्या तर बिघडत काही नाही, पण लिव्हर उलटी चालते आणि ते कामात ध्यानात राहत नाही.

नवीन होज करून घेणार असाल तर उद्यमनगर किंवा शिरोलीत टोकं क्रिंप (दाबून घट्ट) करून घेताना दोन थरी जाळीची मागा. अर्धा इंची एकथरी होज साधारण १६० बारची असते, दोनथरी २७५ बारची, आणि ट्रॅक्टरचा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह बऱ्याचदा एकथरीच्या दाबाच्या वर उघडतो.

आणि टोप्या. रबरी घ्या, प्लास्टिकच्या उन्हात तडकतात. अवजार जोडलेलं असताना नराची टोपी आणि मादीची टोपी एकमेकींत अडकवून ठेवायच्या, म्हणजे दोन्हींच्या आत धूळ जात नाही. सोडल्यावर होज नांगराच्या दांडीला वर अडकवायची, तोंड खाली करून. त्यासाठी दांडीवर एक हूक वेल्डिंग करून घ्या.